पाण्याशिवाय झिओलाइट: वाचतं नेमकं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या एका विद्यार्थिनीला प्रोजेक्टसाठी झेडएसएम-५ हा झिओलाइट बनवायचा आहे. तिने वाचलं की 'सॉल्व्हंट-फ्री' (द्रावक न घालता करायच्या) पद्धतीत सगळे घन पदार्थ खलात घोटायचे, ऑटोक्लेव्हमध्ये (दाब सोसणाऱ्या बंद भांड्यात) भरायचे आणि ओव्हनमध्ये ठेवायचे, बस्स. तर हे खरंच जमतं का, त्याला हरित पद्धत म्हणायचं तर नेमकं काय वाचतं, आणि साध्या कॉलेजच्या लॅबमध्ये ते करता येईल का?

जमतं, आणि कॉलेजच्या लॅबमध्येही जमतं. पण 'काय वाचतं' याचं जे उत्तर सगळीकडे दिलं जातं, म्हणजे पाणी वाचतं आणि पाणी तापवायची ऊर्जा वाचते, ते मला अपुरं वाटतं. झिओलाइट बनवण्याच्या कामात बरीच वर्षं घालवल्यावर माझं मत असं झालंय की या पद्धतीची खरी कमाई दोन ठिकाणी आहे: भांड्यातली जागा, आणि स्फटिक गाळून घेतल्यावर उरणारं आम्लारीधर्मी पाणी, म्हणजे मदर लिकर, जवळजवळ नाहीसं होणं. बाकीचा खर्च, म्हणजे मीठ, अमोनिया, टेम्प्लेट (छिद्रांना आकार देणारं सेंद्रिय रसायन) आणि धुण्याचं पाणी, तसाच राहतो. काही रेसिपींत तर तो वाढतो. त्यामुळे आधी हिशोब मांडू आणि मग कृतीकडे वळू.

झिओलाइट म्हणजे सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनची स्फटिकी जाळी. तिच्यात रेणूच्या मापाची, सगळीकडे सारख्या व्यासाची छिद्रं असतात. झेडएसएम-५ मध्ये ती साधारण साडेपाच अँगस्ट्रॉमची आहेत. पॅराझायलीन त्यातून सहज सरकतं, झायलीनचीच ऑर्थो आणि मेटा ही थोडी रुंद रूपं अडखळतात, आणि पेट्रोकेमिकल धंद्यात या फरकाचा मोठा उपयोग होतो. आपल्याकडे दख्खनच्या बेसाल्टमध्ये, जळगाव-नाशिक-पुणे पट्ट्यातल्या खाणींत आणि विहिरींच्या खोदकामात, स्टिलबाइट आणि ह्यूलँडाइटचे जगप्रसिद्ध स्फटिक निघतात. ते नैसर्गिक झिओलाइटच. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते पाहता येतात, जरूर पाहा. पण कॅटलिस्ट (रासायनिक क्रिया वेगवान करणारा उत्प्रेरक) म्हणून ते फारसे उपयोगी नाहीत. छिद्रं वेगळी, लोह-कॅल्शियमची भेसळ, आणि सिलिका-ॲल्युमिनाचं प्रमाण आपल्या हातात नाही.

कृत्रिम झिओलाइटचा औद्योगिक इतिहास १९५० च्या आसपास युनियन कार्बाइडच्या ए आणि एक्स या प्रकारांपासून सुरू होतो. झेडएसएम-५ चं मोबिल कंपनीचं पेटंट १९७२ चं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं (एनसीएल) १९८० च्या दशकात याच कुळातले 'एन्सिलाइट' कॅटलिस्ट विकसित केले आणि बडोद्याला झायलीनच्या कारखान्यात ते चालवून दाखवले. हे आवर्जून सांगतोय, कारण या विषयात आपण नवशिके नाही. आज बीएस-६ डिझेल गाड्यांच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड कमी करणाऱ्या अनेक कॅटलिस्टमध्ये तांबंयुक्त झिओलाइट असतो. म्हणजे मागणी आहे, आणि तो कसा बनतो याला म्हणून महत्त्व आहे.

नेहमीची पद्धत हायड्रोथर्मल. सिलिकाचा स्रोत, ॲल्युमिनियमचा स्रोत, सोडियम हायड्रॉक्साइड आणि सेंद्रिय टेम्प्लेट पाण्यात मिसळून जेल करायचं, बंद भांड्यात १५० ते १८० अंश सेल्सियसला एक-दोन दिवस ठेवायचं. टेम्प्लेट म्हणजे छिद्राला आकार देणारा आयन. झेडएसएम-५ साठी तो टेट्राप्रोपिल अमोनियम, पुढे त्याला टीपीए म्हणू. पाण्याचं प्रमाण किती, तर एका सिलिकाला चाळीस रेणू पाणी हा अगदी सर्रास आकडा. वजनात मांडलं तर ६० ग्रॅम सिलिकामागे ७२० ग्रॅम पाणी. एक लिटरच्या ऑटोक्लेव्हमधून, तो नियमाप्रमाणे दोन तृतीयांश भरला, तर पन्नास-साठ ग्रॅम झिओलाइट हाती येतो. उरलेलं सगळं पाणी, आणि त्यात विरघळून राहिलेली सिलिका, सोडा, टीपीए. त्याचा पीएच अकराच्या वर. आम्ल घालून ते उदासीन करायला गेलं की सिलिका जेल होऊन बसते आणि ईटीपीचे, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण प्लांटचे, फिल्टर चोंदतात. एमआयडीसीत कॅटलिस्टच्या प्लांटवर काम केलेल्या कुणालाही विचारा, झिओलाइट बनवण्यापेक्षा त्या पाण्याचं काय करायचं याचीच डोकेदुखी जास्त असते.

पाणी कमी करायचे प्रयत्न जुने आहेत. १९९० साली चीनमधल्या एका गटानं आधी जेल वाळवून मग त्याला फक्त अमाइन आणि पाण्याच्या वाफेत ठेवलं, आणि त्याचा झेडएसएम-५ झाला. पुढे जपानमध्ये मात्सुकाता आणि सहकाऱ्यांनी ही 'ड्राय जेल कन्व्हर्जन' पद्धत बरीच पुढे नेली, झिओलाइट बीटासुद्धा केला. त्यात पाणी ऑटोक्लेव्हच्या तळाशी वेगळं ठेवतात आणि जेल वर एका कपात. पण जेल बनवताना पाणी लागायचंच, ते वाळवायला ऊर्जाही लागायची. २०१२ मध्ये चीनच्या झेजियांग विद्यापीठातल्या फेंग-शोउ श्याव यांच्या गटानं ही पायरीच काढून टाकली: घन पदार्थ घ्या, घोटा, तापवा. सिलिकालाइट-१, झेडएसएम-५, बीटा, मॉर्डेनाइट, सोडालाइट असे अनेक झिओलाइट त्यांनी या पद्धतीनं केले. पुढच्याच वर्षी सापो (सिलिको-ॲल्युमिनो-फॉस्फेट) प्रकारचे फॉस्फरसयुक्तही झाले. त्या विद्यार्थिनीनं वाचलेली पद्धत बहुधा हीच.

आता ती जवळून पाहू. सिलिकालाइट-१ म्हणजे ॲल्युमिनियम नसलेला झेडएसएम-५. त्याच्यासाठी साधारण १.३ ग्रॅम सोडियम मेटासिलिकेट नोनाहायड्रेट, ०.९ ग्रॅम फ्यूम्ड सिलिका (अतिशय बारीक, अस्फटिकी सिलिका), पाव ग्रॅम टीपीए ब्रोमाइड आणि ०.४५ ग्रॅम अमोनियम क्लोराइड घेतात, दहा-वीस मिनिटं घोटतात आणि १८० अंशाला एक ते दोन दिवस ठेवतात. फ्यूम्ड सिलिका इतकी हलकी असते की बत्ता फिरवला की उडते. त्यामुळे मास्क लावा, पंखा बंद ठेवा, आणि ती थोडी थोडी घाला. पहिल्या एक-दोन मिनिटांत मिश्रण कोरडं असतं. मग अमोनियाचा वास येऊ लागतो आणि पूड ओलसर होऊन खलाच्या कडेला चिकटायला लागते. या दोन्ही गोष्टी व्हायलाच हव्यात. मेटासिलिकेट आम्लारीधर्मी, अमोनियम क्लोराइड किंचित आम्लधर्मी, दोघं घोटतानाच एकमेकांशी भिडतात: अमोनिया सुटतो, मीठ बनतं, आणि स्फटिकातलं पाणी मोकळं होतं. चमच्यानं कडा खरवडून मिश्रण पुन्हा मध्ये आणत राहा. वास आला नाही तर एक तर अमोनियम क्लोराइड जुनं आणि ढेकळं झालेलं आहे, नाहीतर तुम्ही नोनाहायड्रेटऐवजी निर्जल मेटासिलिकेटची बाटली उचललीय.

हा दुसरा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. नोनाहायड्रेटच्या वजनातला ५७ टक्के भाग पाणीच असतो. वरच्या रेसिपीत एका सिलिकामागे दोनाहून थोडे जास्त रेणू पाणी येतं. म्हणजे 'सॉल्व्हंट-फ्री' याचा अर्थ पाणी नाही असा नाही, पाणी द्रावक म्हणून घातलेलं नाही एवढाच. आणि हे थोडं पाणी काढून टाकलं तर काम थांबतं. सिलिकाची जुनी जाळी तुटायला आणि नवी बांधली जायला प्रत्येक बंधामागे पाण्याचा रेणू लागतो. तो एका ठिकाणी बंध तोडतो, दुसरीकडे बंध बनताना परत सुटतो आणि पुढच्या बंधावर जातो, म्हणून थोडं पाणी पुष्कळ काम करतं. कच्चा माल पूर्ण निर्जल घेऊनही झिओलाइट करता येतो, श्याव यांच्याच गटानं २०१५ मध्ये ते दाखवलं, पण तिथे बंध तोडायचं काम अमोनियम फ्लोराइड करतं. ते तापलं की हायड्रोजन फ्लोराइड सुटू शकतो. फ्लोराइडसाठी वेगळं फ्यूम हूड, त्यानं भाजलं तर लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेट जेल आणि प्रशिक्षित देखरेख नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी तर नाहीच.

आता ऊर्जेचा हिशोब. वरच्या रेसिपीत साधारण १.१६ ग्रॅम सिलिका आहे. तेवढ्याच सिलिकाचं हायड्रोथर्मल जेल केलं असतं तर सुमारे १४ ग्रॅम पाणी लागलं असतं. १४ ग्रॅम पाणी खोलीच्या तापमानापासून १८० अंशांपर्यंत न्यायला नऊ-दहा किलोज्यूल लागतात. आणि ओव्हन? लॅबमधला साधा ओव्हन सरासरी ३०० वॅट ओढतोय असं धरलं तरी चोवीस तासांत २६ मेगाज्यूल, म्हणजे सात युनिटांहून जास्त. पाणी तापवायची ऊर्जा त्यात कुठे दिसतसुद्धा नाही. शोधनिबंधात किंवा प्रोजेक्ट रिपोर्टात 'पाणी नसल्यामुळे ऊर्जा वाचली' असं वाक्य दिसलं की मी हाच भागाकार करून पाहतो. ऊर्जा वाचते ती त्याच ओव्हनमध्ये, तेवढ्याच वेळात जास्त माल निघाला तर. पाव लिटरच्या भांड्यात लिटरभराचं काम झालं तर भांड्याचं स्टील, ओव्हनची जागा, वीज, सगळंच प्रति किलो खाली येतं. शिवाय सिलिका मदर लिकरमध्ये विरघळून जात नाही, त्यामुळे उतारा ९० टक्क्यांच्या वर मिळतो.

मग जागा किती वाचते? वरच्या मिश्रणाचं एकूण वजन तीन ग्रॅमच्या आत आहे आणि त्यातून एक ग्रॅमवर झिओलाइट मिळतो. २५ मिलिलिटरच्या टेफ्लॉन कपात नेहमीचं जेल भरलं तर सव्वा ग्रॅमच्या आसपास माल येतो. घोटलेली पूड दाबून भरली तर कागदावर त्याच्या तीन-चार पट निघायला हवा. पण इथेच सगळ्यात मोठी सावधगिरी आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं.

'पाणी नाही म्हणजे दाब नाही' असं समजू नका. १८० अंशाला पाण्याचा स्वतःचा बाष्पदाब सुमारे १० बार असतो. वरच्या रेसिपीत पाणी थोडं असलं तरी २५ मिलिलिटरच्या भांड्यातली मोकळी जागा वाफेनं भरायला ते पुरेसं आहे, त्यामुळे तो दाब जवळजवळ तेवढाच येऊ शकतो. त्यात अमोनिया. ०.४५ ग्रॅम अमोनियम क्लोराइडमधला सगळा अमोनिया सुटला आणि भांड्यातच राहिला, तर २० मिलिलिटर मोकळ्या जागेत १८० अंशाला तो एकटा साधारण १६ बार दाब देईल, आदर्श वायूच्या नियमानं काढलेला आकडा. प्रत्यक्षात बराच अमोनिया घोटतानाच निघून जातो आणि काही ओलाव्यात विरघळतो, त्यामुळे एवढा दाब येत नाही. पण याच रेसिपीची चार पट पूड त्याच भांड्यात दाबून भरली तर अमोनिया चौपट आणि मोकळी जागा निम्मी. तो दाब साध्या ऑटोक्लेव्हच्या मर्यादेपलीकडे जाऊ शकतो. अमोनियम क्षाराची रेसिपी असेल तर कप पाव भागाच्या वर भरू नका. ऑटोक्लेव्ह पूर्ण थंड झाल्यावरच, फ्यूम हूडमध्ये, तोंड लांब ठेवून उघडा. कोमट असताना झाकण सैल केलं तर अमोनियाचा झोत थेट डोळ्यांत येतो. कमी दाबाचा फायदा खरा आहे, पण तो अमोनियम क्षार नसलेल्या किंवा पाणी इतकं थोडं असलेल्या रेसिपींचा, जिथे सगळं पाणी वाफ होऊनही बाष्पदाबाची मर्यादा गाठली जात नाही.

पुढचा खर्च मिठाचा. त्याच बॅचमध्ये साधारण अर्धा ग्रॅम सोडियम क्लोराइड तयार होतं. १.१६ ग्रॅम सिलिकामागे अर्धा ग्रॅम, म्हणजे किलोभर झिओलाइटमागे चारशे ग्रॅमहून जास्त मीठ. ते धुऊनच काढावं लागतं. लॅबमध्ये एक ग्रॅम झिओलाइट धुवायला दोन-तीनशे मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटर सहज जातं, क्लोराइड उरलंय का ते दाखवणारी सिल्व्हर नायट्रेटची चाचणी नकारार्थी येईपर्यंत. हायड्रोथर्मल पद्धतीत भांड्यातलं जे १४ ग्रॅम पाणी आपण 'वाचवलं', त्याच्या कितीतरी पट इथे गेलं. आणि हे डिस्टिल्ड वॉटर फुकटचं नाही: एक लिटर पाणी उकळून वाफ करायला जवळपास पाऊण युनिट वीज लागते, शिवाय काचेच्या डिस्टिलेशन युनिटच्या कंडेन्सरमधून नळाचं पाणी दिवसभर बेसिनमध्ये वाहत असतं. म्हणून प्रोजेक्टमध्ये धुण्याच्या पाण्याचं माप जरूर लिहा. ते कमी करायचा सोपा उपाय असा: एकदम भरपूर पाणी ओतण्याऐवजी थोड्या गरम पाण्यात ढवळून, गाळून, पुन्हा थोडं ताजं पाणी घ्या. तीन-चार छोट्या धुण्या एका मोठ्या धुण्यापेक्षा मीठ चांगलं काढतात.

हरित रसायनशास्त्रात रॉजर शेल्डन यांचा ई-फॅक्टर वापरतात: एक किलो उत्पादनामागे किती किलो कचरा. त्यात पाणी सहसा धरत नाहीत. मग होतं असं की हायड्रोथर्मल आणि सॉल्व्हंट-फ्री या दोन्हींचा ई-फॅक्टर पाणी वगळून काढला तर अमोनियम क्लोराइडची रेसिपी चक्क वाईट दिसते, कारण तिच्यात मीठ आणि अमोनिया जास्त. धुण्याचं सोडून फक्त भांड्यातलं पाणी धरून काढला तर ती फार चांगली दिसते. दोन्ही आकडे द्या आणि कोणता कसा काढला ते स्पष्ट लिहा. परीक्षक विचारतीलच.

तिसरा खर्च टेम्प्लेटचा, आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठा. झेडएसएम-५ च्या छिद्रांत दर ९६ सिलिकॉनमागे चार टीपीए आयन बसतात, वजनानं ११-१२ टक्के. वरच्या रेसिपीत टीपीए ब्रोमाइड जेमतेम तेवढंच घातलेलं आहे, ही या पद्धतीची खरोखर चांगली बाजू. हायड्रोथर्मल जेलमध्ये ते बहुधा गरजेपेक्षा जास्त घालतात आणि उरलेलं सांडपाण्यात जातं. पण छिद्रात बसलेलं टीपीए काढायला मफल फर्नेसमध्ये ५५० अंशाला हवेत जाळावंच लागतं. मिनिटाला एक-दोन अंशांनीच तापमान वाढवा. घाई केली तर पूड करडी राहते, आत कार्बन अडकतो. जळताना प्रोपीन, अमाइनचे तुकडे आणि नायट्रोजनचे ऑक्साइड बाहेर पडतात, त्यामुळे फर्नेसवर एक्झॉस्ट हवाच. एवढं महाग, काळजीपूर्वक बनवलेलं रसायन एकदा वापरून जाळून टाकायचं, हे मला नेहमी खटकत आलंय.

याला पर्याय आहे: टेम्प्लेट न घालता तयार झिओलाइटचे थोडे बीजस्फटिक घालायचे. २०१४ मध्ये श्याव यांच्या गटानं टेम्प्लेट आणि सॉल्व्हंट दोन्ही टाळून झेडएसएम-५ आणि बीटा केले. पण इथे सिलिका-ॲल्युमिनाचं प्रमाण मोकळेपणी निवडता येत नाही. टीपीए नसेल तर जाळीवरचा ऋणभार सोडियमलाच सांभाळावा लागतो, त्यामुळे ॲल्युमिनियम जास्त असलेला झेडएसएम-५ च चांगला बनतो. सिलिका वाढवली की क्वार्ट्झ डोकावतो, ॲल्युमिनियम वाढवलं की मॉर्डेनाइट. आणि सोडियम काढून आम्लधर्मी रूप आणायला अमोनियम नायट्रेटनं दोन-तीनदा आयन एक्स्चेंज (सोडियमच्या जागी अमोनियम आणणं) करावा लागतो, त्याचं पाणी वेगळंच. तरीही ॲल्युमिनियम जास्त चालणार असेल तर मी हाच मार्ग सुचवेन.

तुम्हाला ॲल्युमिनियम कमी असलेला, थेट आम्लधर्मी होणारा झेडएसएम-५ हवा असेल तर माझी पसंती वेगळ्या, थोड्या ओल्या वाटेला आहे. सिलिका आणि ॲल्युमिनियमच्या स्रोतावर टीपीए हायड्रॉक्साइडचं द्रावण जिरवायचं, जास्तीचं पाणी उडू द्यायचं, आणि एका सिलिकाला तीन-पाच रेणू पाणी उरलं की भांडं बंद करायचं. पूड हातात घेतली तर ओलसर वाटते, पण पाणी सुटत नाही. सोडियम नाही, म्हणून मीठ नाही. क्लोराइड नाही, अमोनियम नाही, आयन एक्स्चेंज नाही. जाळलं की सरळ आम्लधर्मी झेडएसएम-५. टीपीए हायड्रॉक्साइड ब्रोमाइडपेक्षा महाग आहे, हे खरं. पण धुणं आणि एक्स्चेंज वाचल्याचा हिशोब धरला तर छोट्या प्रमाणावर ते परवडतं. शुद्धतावादी लोक याला सॉल्व्हंट-फ्री म्हणणार नाहीत. नावासाठी जास्त कचरा करण्यात मला काही अर्थ वाटत नाही.

वेळ कमी करण्याबद्दल एक गोष्ट आपल्या पुण्यातली. १९९६ मध्ये एनसीएलच्या राजीव कुमार आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये दाखवलं की फॉस्फेट किंवा परक्लोरेटसारखे ऑक्सिजनयुक्त आयन थोडेसे घातले तर झिओलाइटचं स्फटिकीकरण पुष्कळ वेगानं होतं. वर पाहिलंच की लॅबमधली वीज ओव्हनच्या तासांत जाते, म्हणजे वेळ निम्मा झाला तर वीजही निम्मी. घन मिश्रणात थोडं फॉस्फेट घालून काय होतं हे एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला साजेसं काम आहे. परक्लोरेट मात्र नको. सेंद्रिय टेम्प्लेटबरोबर घोटणं आणि पुढे जाळणं धोक्याचं आहे.

ॲल्युमिनियमबद्दल थोडं. घन पद्धतीत रेणू लांबवर वाहून जात नाहीत, त्यामुळे घोटण्यात जे विषम राहिलं ते स्फटिकातही विषमच राहतं. ॲल्युमिनियमचा स्रोत म्हणून घातलेल्या बोहमाइटचा खडा तसाच राहिला तर तिथला ॲल्युमिनियम जाळीत शिरतच नाही. एक्सआरडी (स्फटिकरचना दाखवणारी क्ष-किरण चाचणी) छान येतो, सिलिकालाइट आणि झेडएसएम-५ चा पॅटर्न जवळजवळ सारखाच असतो, आणि विद्यार्थी खूश होतो. मग कॅटलिस्ट चालत नाही. म्हणून फक्त एक्सआरडीवर थांबू नका. ७.९, ८.८ आणि २३ ते २४.५ अंशांमधली शिखरं दिसली तर रचना बरोबर. २६.६ ला टोकदार शिखर दिसलं तर क्वार्ट्झ, २२ च्या आसपास रुंद टेकाड असेल तर न बदललेली सिलिका. मग विद्यापीठाच्या सुविधा केंद्रातून ॲल्युमिनियमचं घन अवस्थेतलं एनएमआर (अणूभोवतीची रचना ओळखणारी चुंबकीय चाचणी) करून घ्या: ५४ पीपीएमच्या आसपासचं शिखर म्हणजे जाळीतलं ॲल्युमिनियम, शून्याजवळचं म्हणजे बाहेर राहिलेलं. पृष्ठक्षेत्र ३५० ते ४०० चौरस मीटर प्रति ग्रॅम यायला हवं. फार कमी आलं तर आत कार्बन किंवा मीठ अडकलंय. एनएमआर मिळालं नाही तर निदान अमोनिया टीपीडी (अमोनिया शोषवून मग तापवत तो किती सुटतो ते मोजणारी चाचणी) करा, म्हणजे आम्लस्थानं किती तयार झाली ते कळेल.

सिलिकाचा स्रोत म्हणून भाताच्या तुसाची राख वापरायची कल्पना बरेच जण मांडतात, आणि गोंदिया-भंडाऱ्याकडे तूस भरपूर आहे. कल्पना चांगली आहे. तूस आधी सौम्य आम्लात उकळून पोटॅशियम काढा, मग ६०० ते ७०० अंशाला जाळा, पांढरी, अस्फटिकी, छान क्रियाशील सिलिका मिळते. गिरणीच्या बॉयलरमधली काळी राख मात्र घेऊ नका: ती जास्त तापमानाला जळलेली असते, काही सिलिका क्रिस्टोबलाइट या स्फटिकी रूपात गेलेली असते आणि ती झिओलाइटमध्ये बदलायला फार हट्टी असते. औष्णिक वीज केंद्रातल्या फ्लाय ॲशमध्ये लोह आणि जड धातू येतात. सांडपाण्यातले धातू शोषणाऱ्या झिओलाइटसाठी ती ठीक आहे, कॅटलिस्टसाठी मी घेणार नाही. डिटर्जंटमधला ४ए हा झिओलाइट सॉल्व्हंट-फ्री करायचा खटाटोपही मला पटत नाही. तो शंभर अंशाखाली, काही तासांत, टेम्प्लेटशिवाय बनतो आणि त्याचं मदर लिकर कारखान्यात परत वापरता येतं.

मोठ्या प्रमाणावर नेताना अडचण उष्णतेची. द्रव जेल ढवळता येतं. कोरडी पूड उष्णता फार हळू वाहून नेते. दोन ग्रॅमच्या कपात हे जाणवत नाही, पण काही किलोच्या भांड्यात कडेचा माल स्फटिक झालेला आणि मधला तसाच, असं होतं. म्हणून फिरतं भांडं, किंवा आधी लगदा करून एक्स्ट्रूडरमधून शेवयांसारख्या काड्या काढायच्या आणि त्या काड्यांनाच वाफेत स्फटिक करायचं, हे मार्ग मला जास्त आश्वासक वाटतात. दुसऱ्यात एक जास्तीचा फायदा असा की कारखान्यात कॅटलिस्ट काड्यांच्या रूपातच लागतो, आणि वेगळा बाइंडर घालावा लागत नाही.

आता तुमच्या प्रोजेक्टचं. आधी सिलिकालाइट-१ ची छोटी बॅच करा, म्हणजे घोटणं आणि ऑटोक्लेव्ह हाताळणं अंगवळणी पडेल. ते जमलं की झेडएसएम-५ दोन पद्धतींनी करा, हायड्रोथर्मल आणि घन, दोन्हींत सिलिका-ॲल्युमिनाचं प्रमाण, तापमान आणि वेळ एकच ठेवा. दोन्ही ऑटोक्लेव्ह एकाच ओव्हनमध्ये एकाच वेळी ठेवले तर उत्तम, आणि ओव्हनच्या प्लगला साधा एनर्जी मीटर लावा. मग एक ग्रॅम जाळून झालेल्या स्फटिकी झिओलाइटमागे या गोष्टी लिहा: घातलेलं पाणी, धुण्याचं पाणी, टीपीए, तयार झालेलं मीठ, वीज, आणि सांडपाण्याचा पीएच. कॅटलिस्ट म्हणून तपासायला आयसोप्रोपिल अल्कोहोलचं प्रोपीन करणारी डिहायड्रेशन प्रक्रिया पुरेल, ती आम्लस्थानांना लगेच प्रतिसाद देते. घन पद्धतीचा नमुना क्रियाशीलतेत मागे पडला तर आधी घोटण्याची वेळ दुप्पट करून पाहा, रेसिपी नंतर बदला.